पिकलं की गळणारं धान्य

ओजिब्वे या अमेरिकेतल्या मूळनिवासी लोकांची एक जुनी कथा आहे. त्यांचे पूर्वज अटलांटिकचा किनारा सोडून पश्चिमेकडे निघाले, तेव्हा त्यांना सांगण्यात आलं होतं की जिथे अन्न पाण्यावर उगवताना दिसेल तिथे मुक्काम करा. उत्तर अमेरिकेतल्या सुपीरियर सरोवराच्या परिसरात त्यांना ते सापडलं. त्याचं ओजिब्वे नाव मनोमिन. दुकानात ते ‘वाइल्ड राइस’ म्हणून मिळतं, पण आपल्या भाताशी त्याचं नातं लांबचं. भात ओरायझा कुळीतला, तर हे झिझानिया नावाचं पाणगवत.

मनोमिनचं बी हिवाळाभर तळाच्या गाळात पडून असतं. जवळजवळ गोठणाऱ्या पाण्यात तीनेक महिने काढल्याशिवाय ते रुजतच नाही. जूनच्या सुमारास पानं फितीसारखी पाण्यावर तरंगतात आणि हाच नाजूक काळ. पाणी अचानक चढलं तर रोप मुळासकट उपटून येतं. ऑगस्टअखेरीस लोंब्या भरतात, पण एका लोंबीतले दाणे एकदम पिकत नाहीत, आणि पिकलेला दाणा धक्का लागताच गळून पडतो.

शेतकऱ्याला हा अवगुण वाटेल. ओजिब्वेंची कापणी मात्र त्यावरच बेतलेली आहे. खरं तर कापणी म्हणणंही चूक, कारण कापत कोणी काहीच नाही. होडीत दोघं असतात. एक जण उभा राहून लांब बांबूसारखा दांडा तळाला रेटत होडी पुढे नेतो, दुसरा देवदाराच्या दोन हलक्या काठ्या घेऊन बसतो. एका काठीने ताटं होडीवर वाकवायची, दुसरीने हलकेच झटकायची. पिकलेले दाणे होडीत पडतात, कच्चे तसेच राहतात. काही दिवसांनी पुन्हा फेरी. जे दाणे पाण्यात पडतात ते पुढच्या वर्षीचं बियाणं. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्याच्या कायद्यातही काठी 30 इंचांहून लांब आणि एक पौंडाहून जड नसावी, असं बंधन आहे. मग दाणे वाळवायचे, कढईत भाजायचे, खड्ड्यात घालून मऊ पादत्राणांनी तुडवायचे आणि भूर्जाच्या सालीच्या सुपात पाखडायचे.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात संशोधकांनी न गळणारे वाण तयार केले, म्हणजे यंत्राने कापता येतील असे. आज बाजारातला बराचसा काळा, चकचकीत ‘वाइल्ड राइस’ शेतातला असतो. त्यात ‘वाइल्ड’ काय उरलं, हा प्रश्न रास्तच आहे.

तळ्यांतल्या पिकाचं दुखणं वेगळं. लोहखाणींच्या पाण्यातून सल्फेट येतं. ते स्वतः फारसं घातक नाही. पण ऑक्सिजन नसलेल्या गाळातले जिवाणू त्याचं सल्फाइड करतात आणि ते मुळांना बाधतं. गाळात लोह भरपूर असेल तर ते सल्फाइडला बांधून ठेवतं. म्हणून सल्फेट सारखंच असूनही एका तळ्यात पीक टिकतं, दुसऱ्यात नाही. मिनेसोटाने 1973 मध्ये लिटरला 10 मिलिग्रॅमची मर्यादा घातली. अंमलबजावणी मात्र कित्येक दशकं जेमतेमच झाली.

1837 च्या करारात ओजिब्वेंनी अमेरिकी सरकारला जमीन दिली, पण शिकार, मासेमारी आणि मनोमिन गोळा करण्याचा हक्क राखून ठेवला. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1999 मध्ये तो 5 विरुद्ध 4 मतांनी मान्य केला. 2018 मध्ये मिनेसोटातल्या व्हाइट अर्थ या राखीव प्रदेशाच्या ओजिब्वेंनी आणखी पुढे जाऊन मनोमिनलाच कायदेशीर हक्क दिले. 2021 मध्ये तेलवाहिनीच्या वादात मनोमिनच्या नावाने व्हाइट अर्थच्या स्वतःच्या न्यायालयात दावाही गुदरला गेला. पुढच्याच वर्षी त्यांच्याच अपील न्यायालयाने, हे आपल्या अधिकारक्षेत्रात बसत नाही, म्हणून तो काढून टाकला.