पीआरची फाईल चालू असताना कॅनडाचा व्हिजिटर व्हिसा: कोणाला मिळतो, कागदं कोणती लागतात

वैशाखात लग्न लागतं, जूनमध्ये जावई कॅनडात ब्रॅम्प्टनला परत जातो, दोन-चार महिन्यांत स्पॉन्सरशिपची फाईल जाते, म्हणजे बायकोच्या पीआरचा, तिथं कायमचं राहायच्या परवान्याचा अर्ज जातो, आणि मुलगी माहेर-सासर करत इथंच राहते. पहिली दिवाळी होते, पहिली येळवस होते, संक्रांत होते. गल्लीतला प्रत्येक जण विचारतो, "काय झालं मग फाईलचं?" कोणीतरी सुचवतं, तोवर व्हिजिटरवर जाऊन ये की. लगेच दुसरं कोणी म्हणतं, असलं काही करू नका, पीआर चालू असताना व्हिजिटर टाकला तर दोन्ही हातचे जातील.

हे दुसरं म्हणणं चूक आहे, पण लातूर-नांदेडपासून परभणीपर्यंत तेच जास्त ऐकू येतं. त्यापायी लोक एक तर वर्षभर गप्प बसतात, नाहीतर व्हिजिटरचा अर्ज भरताना पीआरची फाईल लपवतात. गप्प बसण्यात वेळ जातो. लपवण्यात मात्र सगळंच जाऊ शकतं.

आधी कायदा काय म्हणतो ते बघू. कॅनडाच्या २००१ च्या इमिग्रेशन कायद्यात कलम २२(२) आहे. त्याचा सरळ अर्थ असा: एखाद्याला पुढं कायमचं राहायचं आहे, एवढ्यावरून त्याला तात्पुरतं येण्यापासून अडवता येत नाही. अट एकच. दिलेली मुदत संपायच्या आत हा माणूस परत जाईल, अशी अधिकाऱ्याची खात्री पटली पाहिजे. याला तिकडं 'ड्युअल इंटेंट' म्हणतात, म्हणजे दुहेरी हेतू. नवऱ्याकडं कायमचं जायचं आहे हेही खरं, आणि आत्ता चार महिने राहून परत यायचं आहे हेही खरं. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं, हे त्यांच्या कायद्यानंच मान्य केलंय.

मे २०२३ मध्ये तिथल्या इमिग्रेशन खात्यानं याच्या पुढं जाऊन जाहीर केलं, की ज्यांची पती-पत्नी स्पॉन्सरशिपची फाईल चालू आहे त्यांचे व्हिजिटर अर्ज वेगळ्या पद्धतीनं, लवकर हाताळले जातील आणि बहुतेक अर्ज ३० दिवसांत निकाली काढायचा प्रयत्न राहील. ३० दिवस ही काही हमी नाही. पण फाईल असणं हा गुन्हा नाही, एवढं तरी त्यातून कळतं.

ही सगळी गोष्ट कॅनडाची आहे, अमेरिकेची नाही. दोन्हीकडची पोरं सुट्टीत एकाच पारावर भेटतात आणि दोन्हीकडचे नियम एकमेकांत मिसळतात. अमेरिकेच्या बी-२ व्हिसाला, म्हणजे तिथल्या व्हिजिटरला, दुहेरी हेतू चालत नाही. तिथं कलम २१४(बी) प्रमाणं अर्जदार हा कायमचा राहायलाच येतोय असं आधी धरून चालतात, आणि तसं नाही हे अर्जदारानं पटवायचं असतं. त्या व्हिसाच्या डीएस-१६० फॉर्ममध्ये तर, तुमच्यासाठी कोणी इमिग्रंट पिटिशन, म्हणजे कायमचं बोलवायचा अर्ज, भरला आहे का, असा थेट प्रश्न असतो. पारावरची ती भीती बहुधा तिकडून आली असावी.

आता पात्रतेकडं येऊ. फॅमिली क्लासमधून, म्हणजे नात्यावर, पती किंवा पत्नीची फाईल असो की एक्सप्रेस एंट्रीतून, म्हणजे शिक्षण-अनुभवाच्या गुणांवर, स्वतःची, व्हिजिटरचा अर्ज दोघांनाही करता येतो. फाईल पोचल्याची पावती, म्हणजे एओआर, हातात येईपर्यंत थांबलेलं बरं. तसा नियम नाही, पण फाईलचा क्रमांक असला की अधिकाऱ्याला ती लगेच उघडून बघता येते. लग्न खरं आहे याचे फोटो, कॉल रेकॉर्ड, पैसे पाठवल्याच्या पावत्या असे ढीगभर पुरावे तुम्ही तिथं आधीच दिलेले असतात.

फॉर्ममध्ये एक प्रश्न येतो: याआधी कॅनडात येण्यासाठी किंवा राहण्यासाठी अर्ज केला आहे का? इथं 'हो' लिहायचं. पीआरचा अर्ज हाही अर्जच आहे. आमच्या नात्यातल्या एका मुलीचा फॉर्म भरून देणाऱ्यानं इथं 'नाही' टाकलं होतं, कारण त्याच्या मते व्हिजिटरचा हा पहिलाच अर्ज होता. सबमिट करायच्या आधी तिनं स्वतः वाचलं म्हणून वाचली. खात्याकडं प्रत्येक माणसाचा एक यूसीआय क्रमांक असतो, त्याखाली सगळे अर्ज एकत्र दिसतात. खोटी माहिती दिली असं ठरलं तर कलम ४० खाली पाच वर्षांची बंदी येते, आणि त्या काळात पीआरचाही अर्ज करता येत नाही. म्हणजे व्हिजिटरसाठी लपवायला गेलं आणि पीआरवर पाणी पडलं.

फॉर्म भरणाऱ्यांबद्दल अजून एक. पैसे घेऊन कॅनडाचा अर्ज हाताळायचा अधिकार फक्त तिथल्या परवानाधारक सल्लागारांना आणि वकिलांना आहे, आणि तसा प्रतिनिधी असेल तर ५४७६ नंबरचा फॉर्म जोडावा लागतो. तालुक्याच्या ठिकाणी झेरॉक्सच्या दुकानात फॉर्म भरून देणारे स्वतःचंच ईमेल टाकतात आणि पासवर्ड स्वतःकडं ठेवतात. पुढं खात्यानं एखादं कागद मागितलं तर तुम्हाला कळतही नाही. अर्जाचं ऑनलाईन खातं स्वतःच्या ईमेलवर उघडा. इंग्रजीची अडचण असेल तर शेजारच्या कॉलेजातल्या पोराला बसवा, पण लॉगिन आपल्याकडं.

सगळ्यात जास्त मेहनत घ्यायची ती स्पष्टीकरणाच्या पत्रावर. पान-दीड पान पुरतं. पहिल्याच ओळीत सांगून टाका, की माझी स्पॉन्सरशिपची फाईल अमुक क्रमांकानं चालू आहे आणि हा अर्ज मी दुहेरी हेतूच्या तरतुदीखाली करते आहे. मग का जायचं, किती दिवस जायचं, कुठं राहायचं, खर्च कोण करणार. 'नवऱ्याला भेटायला' एवढंच लिहू नका. त्याची रजा कधी आहे, नणंदेचं बाळंतपण कधी आहे, परतीची तारीख तीच का, हे लिहा. त्यानंतर सगळ्यात महत्त्वाचं वाक्य: पीआर नाकारली गेली किंवा लांबली, तर मी मुदतीत परत येईन, कारण इथं माझं हे हे आहे.

ते 'हे हे' प्रत्येकीचं वेगळं. झेडपीच्या शाळेत शिक्षिका असाल तर रजा मंजुरीचा आदेश आणि परदेश प्रवासाचं ना हरकत प्रमाणपत्र. दोन्हीला वेळ लागतो, आधीच अर्ज टाका. बीएड किंवा नर्सिंगला असाल तर कॉलेजचं बोनाफाईड आणि पुढच्या परीक्षेची तारीख. नोकरी सोडून, सामान आवरून अर्ज करणाऱ्यांना मी नेहमी अडवते. राजीनामा दिलेल्या बाईला परत यायचं कारण काय, हा प्रश्न अधिकाऱ्याला पडणारच.

पैशाची कागदं हा आपल्याकडचा खरा गुंता आहे. मराठवाड्यातल्या कुटुंबाचं उत्पन्न शेतीचं असेल तर ते महिन्याला येत नाही. सोयाबीन ऑक्टोबर-नोव्हेंबरात निघतं, लातूरच्या नाहीतर जालन्याच्या मार्केटला जातं, आडत्याकडून पट्टी मिळते, आणि बँकेत एकदम दोन-तीन लाख जमा होतात. बाकी आठ महिने खातं सुकलेलं. कॅनडाचा व्हिसा तपासणाऱ्याला यातलं काही माहीत नसतं. त्याला एवढंच दिसतं, की अर्जाच्या तोंडावर कुठून तरी मोठी रक्कम आली. उसनवारी करून शिल्लक दाखवण्याचा प्रकार त्यानं हजारदा बघितलेला असतो.

म्हणून नुसतं स्टेटमेंट देऊन भागत नाही. ज्या तारखेला पैसे आले त्या तारखेची आडत पट्टी जोडा. मागच्या हंगामाचीही जोडा, म्हणजे दर वर्षी असंच येतं हे दिसेल. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, त्यामुळं रिटर्न भरलेलंच नसतं किंवा भरलं तरी त्यात फारसं काही दिसत नाही. हे पत्रात एका वाक्यात लिहा, नाहीतर रिटर्न का नाही हा प्रश्न उभा राहतो. तहसीलचा उत्पन्नाचा दाखला घ्या. सातबारा आणि आठ-अ महाभूमीच्या संकेतस्थळावरून डिजिटल सहीचा काढा. सातबाऱ्याला १५ रुपये लागतात आणि तलाठ्याच्या मागं फिरावं लागत नाही. जमीन सासऱ्यांच्या नावावर असेल तर ती आपली म्हणून दाखवू नका. एकत्र कुटुंब आहे, घर सासऱ्यांचं आहे, मी तिथंच राहते, असं जसं आहे तसं लिहा आणि रेशनकार्ड जोडा.

खर्च नवरा करणार असेल तर त्याची नोकरीची कागदं, पगाराच्या स्लिपा, तिकडच्या कर खात्याकडून येणारी नोटीस ऑफ असेसमेंट, पीआर कार्डाची किंवा नागरिकत्वाची प्रत आणि निमंत्रण पत्र. पत्रात त्याचा पत्ता, काम, घरात किती माणसं राहतात हे यायला हवं.

भाषेचा मुद्दा बरेच जण विसरतात. मराठीतलं प्रत्येक कागद इंग्रजी किंवा फ्रेंच भाषांतरासह लागतं. भाषांतर करणारा प्रमाणित नसेल तर त्याचं प्रतिज्ञापत्र हवं, आणि ते भाषांतर स्वतः अर्जदाराला किंवा घरच्या माणसाला करता येत नाही. भाऊ इंग्रजीचा प्राध्यापक असला तरी चालत नाही. सासऱ्यांनी उत्साहानं निजामाच्या काळातलं उर्दू खरेदीखत पेटीतून काढलं, तर ते कौतुकानं बघून परत पेटीत ठेवा. त्याच्या भाषांतराला पैसे जातील आणि व्हिसाला त्याचा काही उपयोग नाही.

नावांची गडबडही अशीच. पासपोर्ट माहेरच्या नावाचा, आधार सासरच्या, विवाह प्रमाणपत्रावर तिसरंच स्पेलिंग. फॉर्ममध्ये आधी वापरलेली इतर नावं विचारतात, तिथं माहेरचं पूर्ण नाव द्या. पीआरच्या फाईलमध्ये जे स्पेलिंग आणि ज्या तारखा दिल्या, त्याच इथं आल्या पाहिजेत. अर्ज भरताना जुनी फाईल शेजारी उघडी ठेवा.

फी १०० कॅनेडियन डॉलर आणि बायोमेट्रिक्सचे ८५. पीआरच्या फाईलसाठी बोटांचे ठसे आधीच दिले असतील आणि ती फाईल अजून चालू असेल, तर परत द्यायची गरज नसते. नसतील दिले, तर पत्र आल्यापासून ३० दिवसांत व्हीएफएस केंद्रावर, म्हणजे व्हिसासाठी ठसे घेणाऱ्या कंपनीच्या केंद्रावर, जाऊन द्यायचे. मराठवाड्यात असं केंद्र नाही. संभाजीनगर, बीडवाल्यांना पुणं सोयीचं. नांदेड, लातूरवाल्यांनी हैदराबादचाही विचार करावा. देवगिरी एक्स्प्रेसनं नांदेडहून सिकंदराबादला उतरलं की काम होतं. तिकडचं विमानाचं तिकीट मात्र व्हिसा लागेपर्यंत काढू नका.

व्हिसा मिळाला म्हणजे प्रवेश मिळाला असं नाही. विमानतळावरचा सीमा अधिकारी पुन्हा तेच विचारतो. उत्तरंही तीच द्यायची: हो, फाईल चालू आहे, नवऱ्याकडं चालले आहे, परतीचं तिकीट हे. साधारणपणे सहा महिने राहू देतात. व्हिसावरची तारीख दहा वर्षांपुढची असली तरी तेवढं सलग राहता येतं असा अर्थ नाही. दोन्हीत गल्लत करून फसलेली माणसं आहेत. मुदत वाढवायची तर ती संपायच्या किमान ३० दिवस आधी ऑनलाईन अर्ज करावा, असं खातंच सांगतं. अर्ज वेळेत गेला तर निकाल लागेपर्यंत तुमचं राहणं कायदेशीर धरलं जातं. कॅनडात पोचलात, पत्ता बदलला, की खात्याच्या संकेतस्थळावरच्या वेबफॉर्मवर पीआरच्या फाईलला कळवा. व्हिजिटरवर काम करता येत नाही, अगदी ओळखीच्या दुकानात कॅशवरही नाही. पती-पत्नी स्पॉन्सरशिपवाल्यांना एओआर आल्यावर तिथून ओपन वर्क परमिटचा, म्हणजे कोणाकडंही काम करायच्या परवान्याचा, अर्ज करता येतो, पण तो मिळेपर्यंत थांबायचं.

आईवडिलांची गोष्ट थोडी वेगळी. मुलानं त्यांचं स्पॉन्सरशिप भरलेलं असो वा नसो, त्यांच्यासाठी सुपर व्हिसा आहे. जुलै २०२२ पासून त्यावर एका खेपेला पाच वर्षं राहता येतं. त्यासाठी मुलाचं ठरावीक उत्पन्न, वैद्यकीय तपासणी आणि किमान एक लाख कॅनेडियन डॉलरचा, वर्षभराचा आरोग्य विमा लागतो. विम्याचा हप्ता वयाप्रमाणं चढतो, बीपी-शुगर असेल तर अजून. दोन महिने नातू बघून यायचा असेल तर साधा व्हिजिटरच स्वस्त पडतो.

आणि नकार आला तर? व्हिजिटर नाकारला म्हणून पीआरची फाईल आपोआप बंद होत नाही. नकाराच्या पत्रात ठरलेली वाक्यं असतात, त्यातून फारसं कळत नाही. जुलै २०२५ पासून काही नकारांसोबत अधिकाऱ्याच्या नोंदीही येतात. तशा आल्या नसतील तर नवऱ्यानं तिथून तुमच्या संमतीचं पत्र जोडून पाच डॉलर भरून त्या मागवाव्यात. खरं कारण तिथं दिसतं: पैसे कुठून आले कळलं नाही, इथलं काही बांधून ठेवणारं दिसलं नाही, मुक्काम फार लांबचा वाटला. त्या कारणाचं उत्तर देणारं नवं कागद हाती असेल तरच परत अर्ज करा. निर्णय कायद्याला धरून नाही असं वाटलं तर फेडरल कोर्टात जायला नकार कळल्यापासून ६० दिवस असतात, पण वकिलाची फी बघता बहुतेकांना नवा अर्जच परवडतो. आणि त्या नव्या अर्जात आधीच्या नकारालाही 'हो' लिहायचं.