हीटर कधी लावत नाही तरी हीटरचा होज फुटतो, तो का

मागच्या मे मध्ये खंबाटकी चढताना आमच्या गाडीत एसीच्या जाळीतून गोडसर वास यायला लागला आणि दोन वळणं झाली नाहीत तर बॉनेटमधून वाफ. कारण निघालं हीटरचा होज पाइप. आता साताऱ्याकडे मे महिन्यात हीटर कोण लावतं? अकरा वर्षांत आम्ही तो दोनदा लावला असेल, मग जी वस्तू वापरलीच नाही ती फुटली कशी, हे काही डोक्यातून जाईना.

तर गाडीच्या हीटरला स्वतःची आच नसते. इंजिनात फिरून तापलेलं कूलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी) एका होजने डॅशबोर्डमागच्या छोट्या रेडिएटरमध्ये जातं (गॅरेजवाले त्याला हीटर कॉइल म्हणतात) आणि दुसऱ्या होजने परत येतं. बऱ्याच गाड्यांमध्ये गरम-थंडचं बटण फिरवलं की फक्त हवेची झडप हलते, कूलंट काही थांबत नाही. म्हणजे तुम्ही हीटर लावा किंवा नका लावू, बारा महिने त्या रबरातून साधारण ९० अंशाचं पाणी वाहतंच.

वर त्यात दाब असतो. रेडिएटरच्या किंवा कूलंटच्या टाकीच्या झाकणामुळे आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा साधारण १ बार जास्त राहतो, म्हणून निम्मं पाणी निम्मं ग्लायकॉल असलेलं कूलंट १३० अंशाच्या आसपास जाईपर्यंत उकळत नाही. होजला चीर गेली की दाब उतरतो आणि तेच कूलंट १०७-१०८ लाच उकळायला लागतं. सगळ्यात वाईट म्हणजे कूलंट निघून गेलं की सेन्सर नुसत्या वाफेत उरतो आणि काटा कधीकधी चक्क खाली येतो, माणसाला वाटतं गाडी थंड झाली, तो चालवत राहतो आणि हेड गॅस्केट (इंजिन ब्लॉक आणि हेडच्या मधलं सील) जातं.

पण मला खरं थक्क केलं ते रबर कसं सडतं याने. होज ईपीडीएम नावाच्या रबराचा असतो, उष्णता आणि ओझोन दोन्ही सोसणारा, आणि तो काळा असतो कारण मजबुतीसाठी त्यात कार्बनची काजळी घालतात. ही काजळी थोडी वीज वाहू देते. एका बाजूला इंजिनाचा धातू, मध्ये कूलंट, दुसऱ्या बाजूला हे काजळीचं रबर, म्हणजे झाला की छोटासा बॅटरी सेल! त्या बारीकशा विद्युत-रासायनिक क्रियेने होजच्या आतल्या भिंतीला केसासारख्या चिरा पडतात, त्यातून कूलंट आतल्या धाग्यांच्या विणीपर्यंत पोचतं आणि वीण कमजोर होते. बाहेरून होज नवाकोरा दिसतो. म्हणून नुसतं बघून चालत नाही, इंजिन पूर्ण थंड असताना दोन्ही टोकांजवळ, क्लिपपासून दोन इंचाच्या आत दाबून बघायचं आणि मग मधला भाग दाबायचा. टोक मऊ, लिबलिबीत लागलं किंवा आत खाच जाणवली तर बदलायचा, आणि एक गेला असेल तर दुसराही त्याच वयाचा आहे.

काढताना जुना होज ओढू नका, उभा चिरून सोलून काढा. हीटर कॉइलची नळी पातळ असते, ती वाकली तर अख्खा डॅशबोर्ड उतरवायची वेळ येते. नवा चढत नसेल तर थोडं कूलंट लावा, ग्रीस किंवा ऑइल अजिबात नाही, ईपीडीएम तेल पिऊन फुगतं. स्क्रूची क्लिप असेल तर काही दिवसांनी परत आवळावी लागते कारण रबर दबून बसतं, स्प्रिंगची क्लिप स्वतःच दाब धरून ठेवते. नंतर हीटर फुल गरमवर ठेवून इंजिन चालवा म्हणजे कॉइलमध्ये अडकलेली हवा निघते, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी थंड गाडीत कूलंटची पातळी परत बघा.

जुनं कूलंट मात्र बादलीत धरा. ते गोड लागतं म्हणून कुत्री-मांजरं चाटतात, आणि त्यातल्या एथिलीन ग्लायकॉलने त्यांची किडनी निकामी होते, थोडंसं पोटात गेलं तरी पुरतं.