आतड्यांचे जीवाणुजन्य संसर्ग : उपचारांतील प्रगती

दूषित पाणी किंवा अन्नातून पोटात गेलेल्या जीवाणूंमुळे आतड्यांना होणारे आजार या नोंदीत येतात. पटकी म्हणजे कॉलरा, टायफॉइड, शिगेलामुळे होणारी रक्ताची आव, ई. कोलायच्या काही जातींमुळे लागणारे जुलाब आणि क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल या जंतूचा मोठ्या आतड्यातील दाह हे त्यांतले प्रमुख. नागपुरात पहिला दमदार पाऊस झाला की मेयो आणि मेडिकल या सरकारी रुग्णालयांत आणि वस्त्यांमधल्या दवाखान्यांत उलटी-जुलाबाचे रुग्ण वाढतात आणि ‘गॅस्ट्रो’ हा शब्द घरोघरी ऐकू येतो. यांतले सगळेच आजार जीवाणूंचे नसतात. लहान मुलांच्या जुलाबात रोटाव्हायरससारख्या विषाणूंचा वाटा मोठा असतो आणि विषाणूंवर अँटिबायोटिक चालत नाही. गेल्या पन्नास-साठ वर्षांतली खरी प्रगती जंतू मारणाऱ्या औषधांपेक्षा रुग्णाच्या शरीरातले पाणी टिकवण्यात आणि औषध कोणाला द्यायचे नाही हे ओळखण्यात झाली आहे.

पटकीत रुग्ण दगावतो तो जंतूमुळे नव्हे, पाणी आणि क्षार निघून गेल्यामुळे. १९५९ साली शंभुनाथ डे यांनी कलकत्त्यात दाखवून दिले की पटकीचा जंतू आतड्यात विष सोडतो आणि ते विष पाणी बाहेर खेचते. आतड्याची सोडियम शोषण्याची एक वाट मात्र या विषाने बंद होत नाही : साखर सोबत असली की सोडियम आत जातो आणि त्याच्यामागून पाणी जाते. ओआरएसचे, म्हणजे तोंडावाटे पाजायच्या मीठ-साखरेच्या द्रावणाचे, सगळे शास्त्र एवढ्यावर उभे आहे. १९७१ साली बांगलादेश मुक्तिसंग्रामाच्या काळात बनगाव येथील निर्वासितांच्या छावणीत सलाईन संपत आल्यावर डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचे द्रावण पिंपांतून वाटायला लावले. तिथला मृत्युदर सुमारे ३० टक्क्यांवरून ३.६ टक्क्यांवर आला. त्यांना २०२३ साली मरणोत्तर पद्मविभूषण मिळाले. हा सन्मान फार आधी मिळायला हवा होता.

२००२ पासून जागतिक आरोग्य संघटना कमी तीव्रतेच्या द्रावणाची शिफारस करते. एका लिटरसाठी त्यात २.६ ग्रॅम मीठ, १३.५ ग्रॅम ग्लुकोज, १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड आणि २.९ ग्रॅम ट्रायसोडियम सायट्रेट असते. मोठे पाकीट पूर्ण एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यातच विरघळवायचे असते. घरात बहुतेकदा चूक होते ती इथेच. पेलाभर पाण्यात अख्खे पाकीट ओतले की द्रावण खारट होते, बाळ ते थुंकून टाकते आणि पोटात गेले तर अपायही होऊ शकतो. तयार द्रावण २४ तासांनंतर फेकून द्यावे. दोन वर्षांखालच्या मुलाला प्रत्येक पातळ शौचानंतर ५० ते १०० मिलिलिटर, वाटी-चमच्याने, थांबत थांबत पाजावे. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा सुरू करावे. आईचे दूध चालूच ठेवावे. खोक्यात मिळणारी गोड पेये म्हणजे ओआरएस नव्हे. ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने अशा पेयांच्या नावात ‘ओआरएस’ हा शब्द वापरण्यास मनाई केली.

पोटावरची कातडी चिमटीत धरून सोडल्यावर ती दोन सेकंदांपेक्षा जास्त वेळ तशीच उभी राहिली, डोळे खोल गेले, मूल मलूल झाले, तर घरी थांबू नये. अशा मुलाला रिंगर लॅक्टेटची सलाईन लागते : किलोमागे १०० मिलिलिटर, त्यातला पहिला भाग झपाट्याने. वेळेवर असे उपचार मिळाले तर पटकीने मरणाऱ्यांचे प्रमाण एक टक्क्याच्या खाली राहते. उपचारांविना तीव्र पटकीचे निम्म्यापर्यंत रुग्ण दगावतात.

२००४ पासून ओआरएससोबत झिंकची गोळी सुचवली जाते : सहा महिन्यांवरील मुलाला रोज २० मिलिग्रॅम, दहा ते चौदा दिवस. यावर नागपुरातही अभ्यास झाला. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या, आठशेहून अधिक मुलांवरील चाचणीत झिंकमुळे जुलाब लवकर थांबल्याचे दिसले नाही. इतर देशांतल्या अनेक चाचण्यांत फायदा दिसला असल्याने शिफारस कायम आहे. तरीही आपल्याकडच्या मुलांवर तपासून मिळालेले हे उत्तर मोलाचे आहे.

अँटिबायोटिक हवे ते रक्ताच्या आवेला, तीव्र पटकीला आणि टायफॉइडला. साध्या पाण्यासारख्या जुलाबांना बहुधा त्याची गरज नसते. शिगा विष सोडणाऱ्या ई. कोलायच्या संसर्गात तर ते टाळतात, कारण मूत्रपिंडे निकामी होण्याचा धोका असतो. टायफॉइडची कथा या बाबतीत डोळे उघडणारी आहे. १९४८ साली क्लोरॅम्फेनिकॉल आले आणि जीवघेणा ताप बरा होऊ लागला. पुढे जंतूने त्याला दाद देणे सोडले, मग सिप्रोफ्लॉक्सासिनलाही. आज भिस्त सेफ्ट्रिॲक्सोन, सेफिक्झिम आणि ॲझिथ्रोमायसिनवर आहे. २०१६ पासून पाकिस्तानातील सिंधमध्ये सेफ्ट्रिॲक्सोनलाही न जुमानणारा टायफॉइड पसरला. वापर कमी झाल्यावर भारतातले बरेच जंतू क्लोरॅम्फेनिकॉलसारख्या जुन्या औषधांना पुन्हा दाद देऊ लागले आहेत, हे आशादायक आहे. केमिस्टकडून चिठ्ठीशिवाय दोन गोळ्या आणायच्या आणि पोट थांबले की बंद करायच्या, या सवयीने नेमकी हीच कमाई वाया जाते.

निदानातही फरक पडला आहे. १८९६ पासूनची टायफॉइडसाठीची विडाल रक्ततपासणी अजून सर्रास केली जाते, पण जिथे टायफॉइड कायम असतो तिथे ती निरोगी माणसातही ‘पॉझिटिव्ह’ येऊ शकते. औषध सुरू करण्याआधी घेतलेले रक्ताचे कल्चर, म्हणजे रक्तातले जंतू प्रयोगशाळेत वाढवून पाहणे, जास्त खात्रीचे, शिवाय कोणते औषध चालेल तेही त्यातून कळते. मल्टिप्लेक्स पीसीआर या जंतूंची जनुके शोधणाऱ्या तपासणीने शौचाच्या एका नमुन्यातून वीसहून अधिक जंतू काही तासांत शोधता येतात. तपासणी महाग आहे.

क्लॉस्ट्रिडियम डिफिसिलचा आजार मुळात अँटिबायोटिकमुळे आतड्यातले उपकारक जीवाणू मेल्यावर बळावतो. त्यावर तोंडावाटे व्हँकोमायसिन किंवा फिडाक्सोमायसिन देतात. ज्यांचा आजार पुन्हा पुन्हा उलटतो अशा रुग्णांसाठी निरोगी दात्याच्या विष्ठेतील जीवाणू आतड्यात सोडण्याचा उपाय पुढे आला. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या नेदरलँड्समधील चाचणीत १६ पैकी १३ रुग्ण पहिल्याच वेळी बरे झाले. २०२३ मध्ये अमेरिकेत त्याची कॅप्सूलही मंजूर झाली. ऐकायला किळसवाणा वाटला, तरी या क्षेत्रातला हा सर्वांत नवा विचार आहे : जंतू मारण्याऐवजी चांगल्या जंतूंची वस्ती पुन्हा बसवायची.

औषधाआधीचा बंदोबस्त पाण्याचा. या विषयावर काम करणारी नीरी, म्हणजे राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था, नागपुरातच आहे. १९५८ साली सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकीसाठी ती स्थापन झाली आणि १९७४ मध्ये तिला आजचे नाव मिळाले. शहराला पेंच आणि कन्हानचे पाणी शुद्ध करून मिळते. मात्र जुन्या वस्त्यांत नळाची लाइन आणि गडरलाइन (सांडपाण्याची वाहिनी) शेजारून जाते आणि गळती झाली की एकीतले दुसरीत शिरते. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून नाग नदीकाठच्या घरांत पाणी शिरले. अशा वेळी आठवडाभर तरी पाणी उकळून पिणे किंवा क्लोरीनच्या गोळ्या वापरणे आवश्यक असते. टायफॉइडवर भारतात तयार झालेली संयुग्मित (जंतूचा अंश प्रथिनाला जोडून केलेली) लस सहा महिन्यांच्या बाळापासून देता येते. २०१८ साली नवी मुंबई महापालिकेने तिची सार्वजनिक मोहीम राबवली. नागपुरात ती बालरोगतज्ज्ञांकडे मिळते.