डिशवॉशरचं झाकण उघडतं मेणाच्या जोरावर

डिशवॉशरचा कार्यक्रम संपतो, दार उघडलं तर भांडी ओशट आणि डिटर्जंट कपात जसंच्या तसं. 'डिस्पेन्सर (दारातला, डिटर्जंट कपात धरून वेळेवर सोडणारा भाग) गेला' असं ठरवून आपण मेकॅनिकला फोन करतो. प्रत्यक्षात पार्ट बदलायची वेळ फार कमी वेळा येते. बिघाड नेमका कुठे आहे, हे कपाकडे नीट पाहिलं तरी बरंचसं कळतं.

कपाचं झाकण स्प्रिंगने ताणलेलं आणि एका खटक्याने अडवलेलं असतं. खटका काही मिलिमीटर सरकला की झाकण आपोआप उघडतं. काही यंत्रांत हा खटका सोलेनॉइड, म्हणजे तारेच्या गुंडाळीचा विद्युतचुंबक, ओढतो. तेव्हा 'खट्' असा आवाज येतो. बऱ्याच यंत्रांत मात्र तिथे मेणाची मोटर, म्हणजे वॅक्स मोटर असते, आणि ती शाळेच्या पुस्तकात जावी इतकी सुंदर आहे.

तिच्यात फिरणारं काहीच नाही. छोट्या बंद डबीत पॅरॅफिन मेण ठासून भरलेलं, तोंडाशी दट्ट्या, आणि डबीला चिकटून तापणारी सिरॅमिकची चकती. करंट मिळाला की चकती तापते आणि मेण वितळतं. घन मेणात कार्बनच्या लांब साखळ्या एकमेकींना लागून रांगेत असतात. वितळताना रांगा मोडतात, साखळ्यांना जास्त जागा लागते आणि आकारमान साधारण १० ते १५ टक्क्यांनी वाढतं. द्रव जवळजवळ दाबला जात नाही, म्हणून ही सगळी वाढ दट्ट्यावर निघते आणि इवल्याशा डबीतून भरपूर जोर मिळतो. सर्जियस व्हर्नेट यांनी १९३४ साली याच तत्त्वावर मेणाचा थर्मोस्टॅट शोधला. मोटारीच्या इंजिनातलं गरम पाणी रेडिएटरकडे कधी सोडायचं, हे असाच थर्मोस्टॅट ठरवतो.

मग मेण तापत राहून डबी फुटत का नाही? चकती बेरियम टायटॅनेटवर आधारलेली असते. थंड असताना तिचा रोध कमी असतो, त्यामुळे करंट भरपूर वाहतो. ठरावीक तापमान ओलांडलं की पदार्थाचा फेरोइलेक्ट्रिक गुण, म्हणजे आपोआप विद्युत ध्रुव धरून ठेवण्याचा गुण, जातो, स्फटिककणांच्या सीमांवरचे विद्युत अडथळे उंचावतात आणि रोध हजारपटींनी वाढतो. बेरियम टायटॅनेटसाठी हे तापमान १२० अंश सेल्सिअसच्या आसपास आहे, आणि दुसरी मूलद्रव्यं मिसळून ते वर-खाली करता येतं. करंट आपोआप आटतो. वेगळा तापमान-नियंत्रक लागतच नाही.

ही मोटर संथ आणि बिनआवाजाची. दट्ट्या बाहेर यायला अर्धं-एक मिनिट, मेण गार होऊन परत जायला आणखी वेळ. अनेक यंत्रांत तीच मोटर पहिल्या खेपेला झाकण उघडते आणि दुसऱ्या खेपेला रिन्स एड, म्हणजे शेवटच्या पाण्यात मिसळायचं, भांड्यांवर थेंब राहू न देणारं द्रव, सोडते. म्हणून झाकण उघडत नसलं, तरी रिन्स एडची पातळी धुण्यागणिक उतरत असेल, तर मोटर बहुधा ठीक आहे आणि अडचण खटक्यात किंवा झाकणात आहे.

खात्रीसाठी भांडी न घालता, कप रिकामा ठेवून नेहमीचा कार्यक्रम लावा. आधीच्या खळबळण्याचं पाणी निघून गेल्यावर पाच-सात मिनिटांनी यंत्र थांबवून दार सावकाश उघडा. झाकण उघडलेलं असेल, तर रोज झाकणाला ताट, परात किंवा कढईचा दांडा अडवत होता. कपासमोर उंच भांडं ठेवू नका. नुसत्या खळबळण्याच्या कार्यक्रमात झाकण उघडतच नाही, तो बिघाड नव्हे.

झाकण उघडलंय पण आत गोळा उरलाय, तर दोष पावडरीचा किंवा पाण्याचा. पावडरीतला सोडियम कार्बोनेट ओल शोषून नवे स्फटिक बनवतो आणि ते एकमेकांत गुंतून पावडर दगडासारखी होते. पावसाळ्यात सादळलेली पावडर किंवा ओला कप एवढ्याने हे होतं. कप फडक्याने कोरडा करून मगच पावडर घाला, डबा घट्ट बंद ठेवा, स्प्रे आर्म (पाणी फवारणारा फिरता दांडा) हाताने फिरवून पाहा आणि त्याची भोकं काडीने साफ करा. उलट कप स्वच्छ आणि भांडी घाण, असं वरचेवर झालं, तर झाकण आधीच उघडून डिटर्जंट पहिल्याच पाण्याबरोबर वाहून जातंय. रबरी सील आणि खटक्याची खाच गरम पाण्याने व जुन्या टूथब्रशने घासा. सुरीने खरवडू नका.

व्हिनेगर आणि खाण्याचा सोडा एकत्र ओतायचे व्हिडिओ खूप फिरतात. दोघं एकमेकांना निष्प्रभ करतात. फेस दिसतो, उरतं सोडियम ॲसिटेटचं पाणी. क्षार काढायला एकटं सायट्रिक ॲसिड पुरतं. भांडी घासायचं लिक्विड कपात कधीच घालू नका; त्याच्या फेसाने पंपात हवा शिरते आणि फवाऱ्याचा जोर जातो.

एवढं करूनही रिकाम्या यंत्रात झाकण बंदच राहिलं, तर प्लग काढा. दाराचे स्क्रू सोडवून बाहेरचा पत्रा उतरवला की डिस्पेन्सरची मागची बाजू दिसते. मोटरच्या दोन वायरी काढून मल्टिमीटर लावा. काहीशे ते काही हजार ओहम दाखवले, तर चकती शाबूत आहे. मीटरने अनंत रोध दाखवला, तर ती तुटली. दट्ट्याभोवती मेणाचा ओशट डाग असेल, तर मेण गळतंय. दोन्ही बाबतींत मोटर बदलायची; अनेकदा ती सुटी न मिळता पूर्ण डिस्पेन्सरच घ्यावा लागतो. रोध बरोबर असेल, तर दाराच्या बिजागरीपाशी वायरींचा जुडगा तपासा. दार उघडताना-मिटताना तो रोज वाकतो आणि वरचं आवरण धड दिसत असूनही आतलं तांबं तुटलेलं असू शकतं.