२१ डिसेंबर २०१२ला माया दिनगणनेत काय घडलं?

२१ डिसेंबर २०१२ला माया दिनगणना संपते आणि जगही बुडणार, अशी अफवा होती. मध्य अमेरिकेतल्या प्राचीन माया लोकांची ही दिनगणना, ‘लाँग काउंट’, वर्षांची नव्हे, दिवसांची मोजणी. आपल्या पंचांगकर्त्यांच्या अहर्गणासारखीच ती एका आरंभदिनापासून उलटलेले दिवस सांगते. हा आरंभदिन इ.स.पू. ३११४चा, तर कलियुगाचा इ.स.पू. ३१०२चा. या जवळिकीवरून नातं जोडायचा मोह टाळावा, योगायोगापलीकडे त्यात काही नाही.

किन म्हणजे १ दिवस, विनाल २०, तुन ३६०, कातुन ७,२०० आणि बाक्तुन १,४४,००० दिवसांचा. चढत जाताना सगळीकडे विसाने गुणायचं, पण तुनासाठी विनालला अठरानेच. सवयीने तिथेही वीस धरले की तुन ४०० दिवसांचा होतो आणि पुढचं सगळं चुकतं.

तारीख लिहिताना डावीकडून बाक्तुन, कातुन, तुन, विनाल, किन असा क्रम. पालेंके या माया नगरीचा राजा पाकाल ९.१२.११.५.१८ला वारला. प्रत्येक आकडा आपापल्या दिवसांनी गुणून येणारी बेरीज १३,८६,४७८. तीत ५,८४,२८३ मिळवले की खगोलशास्त्रातला सलग दिवसक्रमांक (ज्युलियन दिनांक) येतो: १९,७०,७६१, म्हणजे आजच्या ग्रेगोरियन कॅलेंडरात २९ ऑगस्ट ६८३. काही अभ्यासक ५,८४,२८५ मिळवतात, त्यांच्या हिशेबाने ३१ ऑगस्ट. हा ३१ ऑगस्ट जुन्या ज्युलियन कॅलेंडरात २८ ऑगस्ट ठरतो. पुस्तकांत तारखा जुळत नाहीत त्या यामुळे.

याच रीतीने १३.०.०.०.० म्हणजे २१ डिसेंबर २०१२. दुसऱ्या दिवशी १३.०.०.०.१. म्हणजे मोजणी थांबली नाही. जगबुडीच्या अफवेला धागा मिळाला तो वेगळ्याच ठिकाणी: आरंभदिनही शिलालेखांत शून्य नव्हे, १३ बाक्तुन असाच लिहिलेला आहे. म्हणून तेरा भरले की युग संपतं, असा तर्क लढवला गेला. पण पालेंकेच्याच एका लेखात पाकालच्या राज्यारोहणाचा स्मरणदिन थेट इ.स. ४७७२मध्ये मोजला आहे, वीस बाक्तुन पूर्ण झाल्यानंतर. तेराव्यावर जग बुडणार असतं तर हा हिशेब कुणी कशाला कोरला असता? २०१२च्या तारखेचा उल्लेख असलेल्या तोर्तुगेरो या माया स्थळाच्या झिजलेल्या शिलालेखात बोलोन योक्ते या देवाचं नाव आहे, प्रलयाचं नाही.

२०१२ सरल्यावर ‘खरी तारीख जून २०२०’ असा दावा फिरला. त्याचा हिशेब असा: ग्रेगोरियन कॅलेंडरामुळे दरवर्षी ११ दिवस गळतात, म्हणून १७५२पासूनची २६८ वर्षं गुणिले ११, म्हणजे साधारण आठ वर्षं! पण ब्रिटनने ते ११ दिवस ग्रेगोरियन कॅलेंडर स्वीकारताना १७५२ साली एकदाच वगळले होते. शिवाय वरचं रूपांतर सलग दिवसांच्या बेरजेवर चालतं, त्यात कॅलेंडर बदलल्याने एकही दिवस हरवत नाही.

आणि या बातम्यांसोबत झळकणारी ती वर्तुळाकार शिळा मायांची नाहीच. १७९० साली मेक्सिको सिटीत सापडलेला तो अ‍ॅझ्टेक सूर्यपाषाण आहे, आणि त्यावर लाँग काउंटची एकही तारीख नाही.