नागपूर–मुंबई: अंतर तेच, वेळ निराळी

नागपूरच्या सोनेगाव विमानतळावरून मुंबईचा विमानतळ सरळ रेषेत साधारण ६८३ किलोमीटर. रेल्वेनं मुंबई ८३७ किलोमीटर पडते, समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा. विमानाच्या तिकिटावर मात्र किलोमीटर नसतात, वेळ असते: दीड तासाच्या अलीकडेपलीकडे.

अंतरं मोजायचं वेड या भागाला जुनं आहे. १८०२ मध्ये मद्रासजवळ साखळ्या टाकून भारताची त्रिकोणमितीय मोजणी सुरू करणारा विल्यम लॅम्बटन १८२३ मध्ये नागपूरकडे येत असताना हिंगणघाटला वारला. त्याच मोजणीच्या नावानं १९०७ साली शहरात झिरो माईलचा दगड उभा राहिला. हा दगड म्हणजे देशाचा बरोब्बर मध्य, असं आपण पाहुण्यांना छाती फुगवून सांगतो. खरं तर तो उंची मोजण्याच्या कामाचा संदर्भदगड. पण मध्य म्हणून नागपूरचा खरा उपयोग करून घेतला तो टपाल खात्यानं.

१९४९ साली, रफी अहमद किदवई दळणवळण मंत्री असताना, रात्रीची विमान टपालसेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास इथून चार विमानं रात्री निघायची आणि मध्यरात्रीनंतर सोनेगावला एकत्र यायची. थैल्यांची अदलाबदल व्हायची, प्रवासीही विमान बदलायचे, आणि चारही विमानं उजाडेपर्यंत आपापल्या शहरी परत. दिल्लीत संध्याकाळी टाकलेलं पत्र सकाळी मद्रासला!

हे जमलं ते चार अंतरांमुळे. मुंबई ६८३, दिल्ली सुमारे ८५५, मद्रास ९१०, कलकत्ता ९८५ किलोमीटर. सगळी हजाराच्या आत, पण सारखी नाहीत. सुरुवातीची डाकोटा विमानं ताशी पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास उडायची. त्या वेगानं मुंबईहून अडीच तास, कलकत्त्याहून साडेतीन. म्हणजे चौघांची गाठ एकाच वेळी पडायची तर कलकत्त्याच्या विमानाला तासभर आधी निघणं भाग. आणि एकाला उशीर झाला की बाकीचे तिघं ताटकळत.

१९५३ मध्ये विमान कंपन्यांचं राष्ट्रीयीकरण झालं आणि ही सेवा इंडियन एअरलाइन्सकडे आली. पुढं जेट विमानं आली. दिल्लीहून मद्रासला थेट जाता येत असेल तर मध्येच नागपूरला उतरायचं कशाला? सत्तरच्या दशकात सेवा बंद पडली. आता ही विमानं आपल्या डोक्यावरून जातात.

वेळापत्रकातली वेळ म्हणजे निव्वळ उड्डाण नव्हे, हे लक्षात ठेवलेलं बरं. विमान जागेवरून हललं की घड्याळ सुरू होतं आणि पलीकडे थांबलं की बंद. नागपूरहून मुंबईला हवेत जेमतेम सव्वा तास. बाकी वेळ धावपट्टीपर्यंत रांगेत, नाहीतर मुंबईवर घिरट्या घालण्यात. त्यासाठी कंपन्या थोडी ढील ठेवूनच वेळ छापतात. शिवाय हिवाळ्यात वरच्या थरात पश्चिमेकडून जोराचा वारा असतो. जाताना तो तोंडावर, येताना पाठीवर. मग मुंबईहून येणारं विमान वीस मिनिटं आधी टेकतं आणि घ्यायला येणारा अजून वर्धा रोडच्या सिग्नलवर असतो: ‘मी उतरलो बे, तू निघाला का?’