सातेरीची पेटी फुटण्याआधी

परसातली सातेरी या देशी मधमाश्यांची पेटी भरभराटीला आली, की नेमकी तेव्हाच ती अर्धी रिकामी होण्याची शक्यता सर्वांत जास्त असते. पावसाळा सरून रान फुलू लागते, पराग आणि मकरंदाची आवक वाढते, राणी झपाट्याने अंडी घालते आणि एखाद्या स्वच्छ उन्हाच्या दिवशी जुनी राणी निम्म्याहून अधिक कामकरी माश्यांना घेऊन बाहेर पडते. हा थवा जवळच्या फांदीवर घोसासारखा लटकतो आणि शोधी माश्यांनी नवी जागा पक्की केली की तिकडे निघून जातो. याला वसाहत फुटणे म्हणतात. उपासमारीने किंवा पोळी पोखरणाऱ्या मेणकिड्याच्या त्रासाने सगळीच वसाहत पेटी सोडते, तो प्रकार निराळा. तिथे पेटीत काही बिघडलेले असते. इथे सारे उत्तम चाललेले असते. फुटणे हे वसाहतीचे प्रजनन आहे आणि इटालियन माशीपेक्षा आपल्या सातेरीत ती ओढ अधिक प्रबळ आहे.

राणीच्या जबड्याजवळील ग्रंथींतून एक गंधद्रव्य स्रवते. तिची सेवा करणाऱ्या माश्या ते चाटतात आणि एकीकडून दुसरीकडे पोहोचवत राहतात. ते पुरेसे मिळते तोवर कामकरी माश्या नवी राणी घडवायला घेत नाहीत. पेटीत गर्दी झाली की त्याचा वाटा प्रत्येकीपर्यंत नीट पोहोचत नाही. त्यातच पोळ्यातील अंड्यांसाठीच्या घरांत मध भरला गेला, तर राणीला अंडी घालायला जागा उरत नाही आणि पिल्लांना भरवणाऱ्या तरुण माश्या रिकाम्या बसतात. म्हणून पहिला उपाय जागेचा. मधाच्या चौकटी (पोळे धरून ठेवणाऱ्या लाकडी पट्ट्या) भरत आल्या की वर आणखी एक मधकोठी, म्हणजे मध साठवण्याचा कप्पा, चढवावी, काळी पडलेली जुनी पोळी काढून त्या जागी रिकाम्या चौकटी द्याव्यात. मात्र हे काम गर्दी होण्याआधी करायचे असते. माश्यांचा बेत ठरल्यावर कितीही जागा दिली तरी त्या सहसा तो बदलत नाहीत.

बेत ठरल्याची खूण चौकटीवर दिसते. आधी नरांची घरे वाढतात. सातेरीत त्यांच्या टोपणाच्या मधोमध टाचणीने टोचल्यासारखे बारीक छिद्र असते, ते एकदा पाहिले की विसरत नाही. मग चौकट उचलून तिची खालची कड पाहावी. तिथे शेंगदाण्याच्या शेंगेसारखी, तोंड खाली करून लोंबणारी राणीघरे, म्हणजे नव्या राण्या वाढवण्याची घरे, आढळतात. अंडे घातल्यापासून सुमारे आठव्या दिवशी राणीघर मेणाने बंद होते, सुमारे १६ व्या दिवशी राणी बाहेर येते, आणि जुनी राणी बहुधा पहिले राणीघर बंद होताच निघते. फुलोऱ्याच्या काळात दर सात दिवसांनी पेटी तपासावी, हा सल्ला या हिशेबातूनच आला आहे.

राणीघरे दिसली की ती मोडून टाकण्याचा मोह होतो. माझ्या मते एवढ्यावर विसंबणे म्हणजे माश्यांशी हुज्जत घालणे होय. त्या पुन्हा नवी घरे बांधतात, आणि एखादे जरी नजरेतून सुटले तरी थवा निघतोच. त्याहून शहाणपणाचे म्हणजे वसाहत आपणच फोडावी. जुनी राणी, अंडी-अळ्या व बंद पिल्लांच्या दोन चौकटी आणि मध-परागाची एक चौकट माश्यांसकट नव्या पेटीत घालून ती दूर ठेवावी. बाहेर फिरणाऱ्या माश्या आपल्या सवयीच्या जागीच परतणार, तेव्हा नव्या पेटीत आणखी एका चौकटीवरील तरुण माश्या झटकून टाकाव्यात. जुन्या पेटीत एकच भरदार राणीघर राखून बाकीची काढावीत. तसे न केल्यास कोवळ्या राण्या घेऊन एकामागून एक लहान थवे निघतात आणि मूळ वसाहत इतकी विरळ होते की पोळी मेणकिड्याच्या तावडीत सापडतात.

त्यानंतर जुनी पेटी दोन आठवडे उघडू नये, कारण नवी राणी मीलनासाठी बाहेर जाऊन परतत असते आणि या काळात छेडछाड झाली तर ती वाट चुकू शकते. पुढे एखादी चौकट उन्हाकडे तिरपी धरावी. षट्कोनी घरांच्या तळाशी तांदळाच्या कणीहून बारीक, पांढरी अंडी एकेक दिसली की राणी कामाला लागली असे समजावे.